पेशीतला धोटा रिकामा परतत नाही

पेशीच्या आत पडदेच पडदे असतात, आणि ते बनलेत मुख्यतः लिपिडचे, म्हणजे फॅटच्या जातीचे रेणू, ज्यांना पाण्याचं वावडं. आता गंमत बघा, बहुतेक लिपिड तयार होतात ईआर नावाच्या एका जाळ्यात, लागतात मात्र सगळीकडं, आणि मधे सगळं पाणी. काही माल बारक्या पिशव्यांतून जातोय, पण मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाला, ईआरकडनं लिपिड काही असं पिशवीतनं मिळत नाही. तिथं कामाला येतात लिपिड ट्रान्सफर प्रोटीन. यांच्यात आतून तेलकट अशी एक खोबण असते. एका पडद्यातनं लिपिडचा रेणू उचलायचा, खोबणीत घालून पाण्यापासनं झाकायचा, समोरच्या पडद्यात सोडायचा. लांब जायचं नसतंय, दोन पडदे साधारण 10 ते 30 नॅनोमीटरवर आलेले असतात तिथंच हे चालतंय.

या प्रोटीनांतलं मला सगळ्यात भारी वाटतं ते ओएसबीपी नावाचं. हे ईआरमधलं कोलेस्टेरॉल गॉल्जीकडं, म्हणजे पेशीतल्या माल पॅक करून पाठवणाऱ्या पडद्यांच्या थप्पीकडं नेतं, पण गॉल्जीत ते आधीच जास्त आहे की राव! मग कमीकडनं जास्तीकडं जातं कसं? कापडाच्या मागावर धोटा पळताना बघितलाय ना, जाताना पण सूत टाकतो आणि येताना पण. ओएसबीपी तसंच, येताना गॉल्जीतला पीआयफोरपी नावाचा लिपिड घेऊन येतं. ईआरवर सॅक-वन नावाचं एन्झाइम त्याचा फॉस्फेट लगेच तोडून टाकतंय, म्हणून तिथं तो साठतच नाही, आणि पीआयफोरपीचा गॉल्जीकडनं ईआरकडं, जास्तीकडनं कमीकडं, उतार कायम राहतो; तोच उतार कोलेस्टेरॉलला चढावर ओढतो. गॉल्जी नवीन पीआयफोरपी बनवतं ते एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून. म्हणजे कोलेस्टेरॉलच्या चढाचं भाडं शेवटी एटीपीच भरतंय, फुकट काही नाही.

पोलिओ आणि सर्दीच्या काही व्हायरसनी पण हेच यंत्र पळवलंय, स्वतःच्या कॉपी काढायची जागा बांधायला. आणि उन्हाळ्यात घामानं फंगस झालं की डॉक्टर जी इट्राकोनाझोल लिहून देतात ना, ती प्रयोगशाळेत ओएसबीपीलाच अडवून हे व्हायरस रोखते (म्हणून सर्दीला ती खात बसू नका).

एकेक रेणूनं मात्र भागत नाही जिथं अख्खा पडदा उभा करायचाय. तिथं व्हीपीएस-13 आणि एटीजी-2 ही प्रोटीन येतात, जवळपास 20 नॅनोमीटर लांब, आतून तेलकट पन्हळ, दोन्ही पडद्यांना टेकलेलं, लिपिड सरळ त्यातनंच वाहत जातात असं दिसतंय. माणसात व्हीपीएस-13 चार प्रकारचं असतं, ए, बी, सी आणि डी. त्यातलं सी बिघडलं तर कमी वयात पार्किन्सन होऊ शकतो, ए बिघडलं तर हातपाय आपोआप हलायला लागतात आणि तांबड्या पेशींना काटे येतात.