लॉग वाचणं आणि वाचकाशेजारी बसणं: डिजिटल ग्रंथालयाचे दोन वेगळे ‘वापर अभ्यास’

‘डिजिटल ग्रंथालयाचा वापर अभ्यास’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं खपतात. एकात सर्व्हरवर साठलेली शोधांची नोंद, म्हणजे लॉग, उघडून मोजदाद करतात. दुसऱ्यात वाचकाच्या शेजारी बसून तो कसा शोधतो ते बघतात. अहवालाच्या शेवटी दोन्हींची वाक्यं सारखीच दिसतात: ‘वाचक प्रगत शोध वापरत नाहीत’, ‘वाचकांना विषयवार यादी नको आहे’. यातलं पहिलं वाक्य लॉगमधून निघू शकतं. दुसरं मात्र निघत नाही, तरी सर्रास काढलं जातं.

फरक जवळून बघू. समजा, एखाद्या मराठी ग्रंथसंग्रहाच्या लॉगमध्ये एका वाचकाच्या या चार ओळी आहेत:

११:०२:१४ – शोध: ज्ञानेश्वरी – ४१२ निकाल
११:०२:३३ – शोध: ज्ञानेश्वरी नववा अध्याय अर्थ – ० निकाल
११:०३:२० – शोध: सार्थ ज्ञानेश्वरी – २३ निकाल
११:०३:४१ – नोंद उघडली

पुढे काही नाही. लॉगच्या हिशेबात तीन शोध, त्यातला एक रिकामा, एका पुस्तकाची नोंद उघडलेली आणि भेटीची लांबी ८७ सेकंद. ही ८७ सेकंद फसवी आहेत. वेळ मोजली जाते दोन विनंत्यांमधली, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरने सर्व्हरकडे पान मागितल्याच्या दोन क्षणांमधली, आणि शेवटच्या पानानंतर विनंतीच नाही. त्यामुळे ते पान वाचकाने दोन सेकंद पाहिलं की चाळीस मिनिटं वाचलं, हे या लॉगला कळत नाही. पुस्तकाची पीडीएफ दुसऱ्याच सर्व्हरवरून उतरत असेल तर डाउनलोड झालं की नाही, तेही कळत नाही.

याच वाचकाच्या शेजारी कुणी बसलं असतं तर काय दिसलं असतं? तिला नवव्या अध्यायाचा गद्य अर्थ हवा होता. दुसरा शोध रिकामा गेला, कारण या यंत्रणेत शोध फक्त शीर्षक, लेखक आणि विषय यांत चालतो आणि टाकलेले सगळे शब्द जुळावेच लागतात. ‘नववा अध्याय’ कुठल्याच शीर्षकात नाही. त्यानंतरची ४७ सेकंद ती स्वस्थ बसली नव्हती. मागे जाऊन पहिल्या यादीतली शीर्षकं वाचत होती, आणि ‘सार्थ’ हा शब्द तिने तिथूनच उचलला. मागे जाण्याचं बटण दाबलं की पान बहुधा ब्राउझरच्या साठ्यातूनच उघडतं, सर्व्हरला पत्ताही लागत नाही. शेवटी तिने नोंदीतल्या दाखल क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढला आणि टॅब बंद केली. लॉगमध्ये हे ‘सोडून गेली’ असं दिसेल. खरं तर काम फत्ते झालं होतं.

यादीतून शब्द उचलत, प्रश्न बदलत पुढे जाण्याच्या या पद्धतीला माहितीशास्त्राच्या अभ्यासक मार्शिया बेट्स यांनी १९८९ साली ‘बेरीपिकिंग’ म्हटलं. करवंदं वेचावीत तसं एका जाळीवर चार, दुसरीवर दोन. शोध म्हणजे एक प्रश्न आणि एक उत्तर, हे गृहीतक या कल्पनेने मोडीत काढलं. पण अशा वाचकांचं प्रमाण किती, शंभरात पाच की पन्नास, हे शेजारी बसून सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा लॉगकडेच यावं लागतं.

लॉग अभ्यासाचं एक चांगलं उदाहरण न्यूझीलंडमधलं आहे. हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठात ‘न्यूझीलंड डिजिटल लायब्ररी’ उभी राहिली. आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांनी वापरलेलं ‘ग्रीनस्टोन’ हे सॉफ्टवेअर याच प्रकल्पातून आलं. तिथल्या संगणकशास्त्रीय अहवालांच्या संग्रहाचा १९९६-९७ मधला ६१ आठवड्यांचा लॉग अभ्यासकांनी तपासला. शोध तीस हजारांहून जास्त. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. शोध अगदी आखूड होते, आणि आधीपासून निवडून ठेवलेले पर्याय बहुतेकांनी बदललेच नाहीत. लक्षात घ्या, हा संग्रह संगणकशास्त्राचा होता. तिथे येणाऱ्यांना ‘आणि’, ‘किंवा’ची तार्किक जोडणी शिकवायची गरज नव्हती.

लॉगचं खरं बळ इथे दिसतं. कुणी बघत नसताना हजारो लोकांनी जे केलं, ते तसंच्या तसं समोर येतं. शेजारी कुणी बसलं की माणूस जरा जास्त नीट वागतो. लॉगपुढे कुणी नीट वागत नाही. पण पर्याय का बदलले नाहीत? आहेत ते पुरेसे वाटले, दिसलेच नाहीत, की दिसले पण कळले नाहीत? तिन्हींची लॉगमधली ओळ एकच असते, आणि उपाय मात्र तीन वेगळे.

लॉग वाचायचा तर आधी धुवून घ्यावा लागतो, आणि बरीच मेहनत त्यातच जाते. पहिली धूळ बॉटची, म्हणजे माणसाशिवाय आपोआप पानं मागवत फिरणाऱ्या प्रोग्रामची. स्वतःची ओळख सांगणारे बॉट सहज गाळता येतात. लपून येणारे चालीवरून ओळखायचे: विनंत्यांमधलं अंतर घड्याळासारखं एकसारखं, नोंद क्रमांक १००१, १००२, १००३ असे ओळीने, चित्रं आणि सजावटीच्या फाइल कधीच न मागवणं. हे न गाळता ‘वापर दुप्पट झाला’ म्हणून पेढे वाटू नयेत.

मग ‘एक वाचक’ म्हणजे कोण ते ठरवायचं. महाविद्यालयाच्या जाळ्यातले चाळीस विद्यार्थी बाहेरून एकाच आयपी पत्त्याने दिसू शकतात. उलट मोबाइलवरच्या एकाच वाचकाचा पत्ता दिवसभरात बदलत राहतो. वाचनकक्षातल्या सामायिक संगणकावर एक उठतो, दुसरा बसतो, लॉगला तो एकच माणूस. तीस मिनिटं काही हालचाल नसेल तर भेट संपली, असा संकेत आहे. तो सोयीचा आहे, निसर्गनियम नाही. सामायिक संगणकासाठी तो कमी करा, आणि अहवालात किती धरला ते लिहा.

तिसरी गोष्ट, ‘शोध’ कशाला म्हणायचं? निकालांचं दुसरं पान उघडलं की अनेक यंत्रणा तोच शोध पुन्हा नोंदवतात. त्याला ‘वाचकाने पुन्हा प्रयत्न केला’ म्हणणं चूक. तो नुसता पान उलटत होता. टाइप करताना सूचना देणारी पेटी असेल तर प्रत्येक अक्षराला एक ओळ पडू शकते: ज्ञ, ज्ञा, ज्ञान. ती तशीच मोजली तर वाचक एकाक्षरी शोध करतात असा शोध लागतो.

मराठी संग्रहांत आणखी एक थर आहे. वेब सर्व्हरच्या कच्च्या लॉगमध्ये देवनागरी दिसत नाही. प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन रोमन अक्षरं-अंक असा लिहिला जातो. ‘पुस्तक’ या शब्दात मात्रा आणि हलन्त धरून सहा चिन्हं आहेत, म्हणजे लॉगमध्ये ५४ अक्षरांची माळ. ती आधी उलगडा. उलगडल्यावरही ‘दऱ्याखोऱ्या’ एकाच रूपात सापडेल याची खात्री नाही. ऱ हे स्वतंत्र चिन्ह, र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशी जोडी, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह, अशा तीन तऱ्हा पडद्यावर सारख्याच दिसतात. पहिल्या दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे रूपं एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, एक होतात. तिसरीसाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. नाहीतर वारंवारितेच्या तक्त्यात एकच शब्द तीन ओळींत विखुरतो, आणि ज्याचा पहिला नंबर यायचा तो सातवा दिसतो.

शब्दसंख्येची तुलनाही जपून करावी. अल्टाव्हिस्टा या जुन्या वेब शोधयंत्राच्या सहा आठवड्यांच्या लॉगचा अभ्यास १९९९ साली आला. त्यात एका शोधात सरासरी २.३५ शब्द होते. मराठी लॉगमध्ये १.८ आले तर ‘मराठी वाचक कमी शब्द वापरतो’ म्हणायची घाई होते. पण आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहितो. ‘किल्ल्यांविषयी’ हा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचे दोन होतात. सरासरीपेक्षा ‘किल्ला’, ‘किल्ले’ आणि ‘किल्ल्यांविषयी’ या तिन्हींना यंत्रणा सारखेच निकाल देते का, हे तपासलं तर वाचकांचं जास्त भलं होईल.

शोधांचं वर्गीकरण मात्र माणसालाच करावं लागतं: ठरावीक पुस्तक हवंय, लेखकाचं सगळं हवंय, विषय धुंडाळायचाय. यासाठी ३८५ शोधांचा यादृच्छिक नमुना घेतला तर ९५ टक्के खात्रीने पाच टक्के पुढे-मागे इतकं अचूक प्रमाण कळतं. नमुना भेटींमधून काढा आणि प्रत्येक भेटीतला एकच शोध घ्या, नाहीतर एकाच चिकाटीच्या वाचकाचे साठ शोध आत शिरतात. दोन जणांनी स्वतंत्रपणे वर्ग लावावेत आणि मग किती जुळतं ते कोहेनच्या कापा या मापाने पाहावं. योगायोगाने जुळलेलं वजा करून ते जुळणी मोजतं, पूर्ण जुळलं तर १. ०.६ च्या खाली आलं तर दोष बहुधा माणसांचा नसतो, वर्गांच्या व्याख्या धूसर असतात. ‘कोसला’ एवढाच शोध असेल तर पुस्तक हवंय की त्यावरची समीक्षा? लॉगवरून कुणीच सांगू शकत नाही. अशांसाठी ‘ठरवता येत नाही’ हा वर्ग ठेवावा आणि तो मोठा निघाला तरी लाजू नये.

आता शेजारी बसणं. यात माणसं थोडी आणि वेळ जास्त: प्रत्येकासोबत पाऊण ते एक तास. वाचकाला मनात येईल ते बोलत बोलत शोधायला सांगतात. पडदा आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड करतात, अर्थात परवानगी घेऊन. पहिली पाच मिनिटं भलत्याच साइटवर सराव द्यावा, कारण बोलत काम करायची सवय कुणालाच नसते. वाचक गप्प झाला की एकच वाक्य: ‘आता काय बघताय?’ ‘डावीकडची गाळणी दिसली का?’ असं विचारलं की निकाल कमी करणारी ती गाळणी पुढच्या प्रत्येक कामात वापरली जाते आणि तो तास वाया जातो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो वाचकाला शोधायला दिलेल्या कामाच्या चिठ्ठीत. पडद्यावर ‘प्रकाशन वर्ष’ असं बटण आहे आणि चिठ्ठीत ‘१९५० पूर्वीच्या प्रकाशन वर्षाची पुस्तकं शोधा’ लिहिलंय. मग ती शोधाची नव्हे, शब्द जुळवण्याची परीक्षा झाली. त्याऐवजी प्रसंग द्या: ‘तुमच्या भाचीला शाळेत स्वातंत्र्यापूर्वीच्या मासिकांवर बोलायचं आहे. तिला दाखवायला दोन-तीन अंक हवेत.’ संशोधक पिया बोर्लुंड यांनी अशा कल्पित प्रसंगांची पद्धत नीट मांडली आहे. त्यांचा आग्रह असा की वाचकाने स्वतः आणलेलं एक खरं कामही सोबत असावं. ते ठेवाच. दिलेल्या कामात माणूस ‘पुरे झालं’ असं आपल्या तोंडाकडे बघून ठरवतो. स्वतःच्या कामात स्वतःच्या गरजेने.

शेवटी ‘कसं वाटलं?’ विचारलं की उत्तर येतं ‘छान आहे हो’. अर्धा तास अडखळलेला वाचकही तेच म्हणतो, पाहुण्याने आमटीला नावं ठेवू नयेत त्या चालीवर. त्याऐवजी रेकॉर्डिंग मागे नेऊन अडलेली जागा दाखवा आणि विचारा, ‘इथे तुम्हाला काय होईल असं वाटलं होतं?’

अशा चाचणीला पाच माणसं पुरतात हे वाक्य खूप फिरतं. त्याचं मूळ निल्सन आणि लँडॉवर यांच्या १९९३ च्या गणितात आहे: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के निघतात. हे अडचणी सापडण्याबद्दल आहे, त्या किती जणांना येतात याबद्दल नाही. पाचांपैकी तिघे अडले म्हणून ‘६० टक्के वाचक अडतात’ लिहिलं जातं, पण इतक्या छोट्या नमुन्यात खरं प्रमाण १५ पासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. अशा अहवालात टक्केवारी लिहूच नये. ‘पाचांपैकी तीन’ एवढं पुरे.

लॉग हाताळताना गोपनीयतेचं भान जास्त लागतं, कारण वाचकाला कुणी विचारलेलं नसतं. २००६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे शोध नावं काढून, त्या जागी क्रमांक घालून अभ्यासासाठी खुले केले. पत्रकारांनी नुसत्या शोधशब्दांवरून एका क्रमांकामागची व्यक्ती शोधून काढली. लोक स्वतःचं नाव, गाव, आजार, सगळं पेटीत टाकतात. तेव्हा आयपी पत्ता पुसला म्हणजे झालं, असं नाही. एकदाच आलेले विरळ शोध अहवालात उदाहरण म्हणून छापायचे नाहीत.

दोन्ही करायचं असेल तर क्रम असा ठेवावा. आधी लॉगमधून सर्वाधिक वेळा आलेले, निकाल शून्य असलेले शंभर शोध काढा. त्यांची कारणं चार खणांत टाका: संग्रहात नाही, लेखनभेद, शब्द जास्त, आणि कळत नाही. बसायच्या कामांच्या चिठ्ठ्या ‘कळत नाही’ या खणातून तयार करा. बसल्यावर जे दिसेल त्याची लॉगमधली खूण ठरवा. वरच्या उदाहरणात खूण अशी: रिकामा शोध, त्यानंतर दोन मिनिटांच्या आत नवा शोध, आणि त्यातला एखादा शब्द आधीच्या निकालांच्या शीर्षकांत असलेला. ही खूण वर्षभराच्या लॉगमध्ये मोजता येते. मात्र त्यासाठी त्या क्षणी कोणते निकाल दाखवले होते, हे लॉगमध्ये साठवलेलं हवं. अनेक यंत्रणा फक्त निकालांची संख्या साठवतात, म्हणून अभ्यास सुरू होण्याआधीच पहिल्या पानावरच्या निकालांचे नोंद क्रमांक लॉगमध्ये घालायला तंत्रज्ञाला सांगून ठेवा.