पिल्लाचं घड्याळ

आमच्या मजल्यावरचा तिसरीतला मुलगा मे महिन्याच्या सुट्टीत आई-बाबांना ओढतच आमच्याकडे घेऊन आला. त्याला लॅब्राडोरचं पिल्लू हवं होतं. बाबांचा अर्धा होकार, आईचा सरळ नकार, आणि आमच्या घरी चौदा वर्षं गावठी कुत्री नांदली असल्यामुळे निवाडा माझ्याकडे. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पालथं केलं, पोराच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, लिही. लॅब्राडोर साधारण दहा ते बारा वर्षं जगतो. तू आज आठ वर्षांचा आहेस. मांड पुढे.

त्याने मांडलं. तो दहावीला, तेव्हा कुत्रा सात वर्षांचा. बारावीला नऊ. मग कॉलेजसाठी बाहेरगावी. पेन्सिल थांबली. ‘म्हणजे तो म्हातारा होईल तेव्हा मी इथे नसणार?’

‘औषधं द्यायला मीच असणार,’ आई म्हणाली. नकार का होता ते सगळ्यांना कळलं.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशोब आपण लहानपणापासून ऐकतो, पण तो काही खरा नाही. डीएनएवर मिथाइल नावाचे रासायनिक गट चिकटलेले असतात आणि वयाबरोबर त्यांची मांडणी बदलत जाते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी शंभराहून जास्त लॅब्राडोरच्या या खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या आणि 2020 मध्ये नवं गणित मांडलं. त्यानुसार आठ आठवड्यांचं पिल्लू म्हणजे नऊएक महिन्यांचं बाळ, पण एक वर्षाचा कुत्रा थेट तिशीतला माणूस! पुढे वेग मंदावतो. चार वर्षांचा कुत्रा पन्नाशीच्या थोडा पुढे, बारा वर्षांचा सत्तरीत. दुसऱ्या जातींना हे आकडे जसेच्या तसे लागू पडतीलच असं नाही, पण बालपण किती झटकन उरकतं ते यातून दिसतं. आणि घरात पिल्लू येतं ते नेमकं त्याच घाईच्या दिवसांत.

ही घाई किती महाग पडू शकते, ते अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत दिसलं. तिथे काही पिल्लं कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत, माणसाचं दर्शनही न होऊ देता वाढवली. मग वेगवेगळ्या वयाला एकेक गट आठवडाभर माणसांत आणला. पाचव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास आलेली पिल्लं माणसांना रुळली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली मात्र रानटी जनावरासारखी बिचकतच राहिली. 1961 साली हे प्रसिद्ध झालं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूत ‘हे माझ्या जगातलं’ अशी यादी तयार होत असते. रिक्षा, कुकरची शिट्टी, काठी टेकत चालणारे आजोबा, झाडूवाल्या मावशी या यादीत तेव्हाच आल्या तर आल्या. पुढे शिकवता येतं, पण नेटाने शिकवावं लागतं.

मग चार आठवड्यांचंच उचलून आणावं का? अजिबात नको. आईच्या आणि भावंडांच्या संगतीत ते दात किती जोरात लावायचे ते शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ बंद होतो. आपल्याकडच्या 2017 च्या श्वानप्रजनन नियमांनीही आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायला मनाई केलेली आहे. तरीही ‘आता घेऊन जा, नंतर राहणार नाही’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडून घेऊच नये.

खरी पंचाईत पुढे आहे. पार्व्हो हा पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग, आणि त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो. पिल्लाला आईच्या चिकाच्या दुधातून प्रतिपिंडं मिळतात, ती त्याचं रक्षण करतात, पण तीच लसही निकामी करतात. ती ओसरताना मधे असे काही दिवस येतात, की ती रोगाला अडवायला कमी आणि लसीला अडवायला पुरेशी असतात. हे दिवस कुठल्या पिल्लाचे कधी येतील ते बाहेरून कळत नाही, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांनी डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. म्हणजे जग दाखवायची मुदत संपते आणि लसीकरण अजून चालूच असतं. यातली वाट म्हणजे पिल्लाला कडेवर घेऊन हिंडणं. जिथे बाकीची कुत्री शी-शू करतात तिथे पाय टेकू द्यायचे नाहीत, पण भाजी मंडई दाखवायची, शाळा सुटताना फाटकापाशी उभं राहायचं. हे महिना-दीड महिना रोज कोण करणार, हा प्रश्न मी पोराला नाही, बाबांना विचारला.

बाबा साडेआठला निघतात, सातला येतात. आई शिक्षिका, दुपारी दोनला घरी. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे शू धरवत नाही. ते शिकत नाही असं नाही, स्नायूंवर ताबाच आलेला नसतो. त्या वयात फरशी ओली केली म्हणून फटका मारणं म्हणजे तान्ह्या बाळाला लंगोट ओला केल्याबद्दल रागावणं.

कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पावलांच्या गाद्यांना. बाकी सगळी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकत घालवावी लागते. दमट हवेत ओलावा नीट उडत नाही, तेव्हा मुंबई-कोकणात ही सोय निम्मीच चालते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर श्वासालाच जागा कमी. बर्फाळ मुलखातली हस्की आणून दिवसभर एसी लावणाऱ्यांबद्दल बोलत नाही, वीजबिल त्यांचं आहे. पण साध्या लॅब्राडोरलाही उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत आणि रात्रीच खाली न्यावं लागतं. पावसाळ्यात गोचीड. फिरवून आणलं की कानामागे, बोटांच्या बेचक्यांत हात घालून पाहायचं, नाहीतर टिक फिव्हरसाठी दवाखान्याच्या चकरा ठरलेल्या.

स्वयंपाकघराचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, आमच्याकडे राहिलेले पोहे असतातच. मी म्हटलं, कांदेपोहे बिलकूल चालणार नाहीत. कांद्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवूनही त्यांचा गुण जात नाही. शिऱ्यातले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला घातक. चॉकलेटही नाही.

शेवटी मी त्यांना आमचा जुना पट्टा दिला. महिनाभर सकाळी सहाला आणि रात्री दहाला तो हातात घेऊन अर्धा तास खाली फिरायचं, कुत्र्याशिवाय. तिघांपैकी कोणीही. चुकलेला दिवस कॅलेंडरवर लिहायचा.

पहिले चार दिवस तिघंही आले. मग पोरगा सकाळी दिसेनासा झाला. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मी गॅलरीतून पाहिलं, खाली एकच छत्री फिरत होती. छत्रीखाली आई होती, आणि पट्टा भिजू नये म्हणून तिने तो गळ्यात अडकवला होता.