लाखभर पिढ्यांत एकदा

पाव फुगवणारं यीस्ट सगळ्यांच्या ओळखीचं. त्याचा रानातला जवळचा नातलग म्हणजे सॅकरोमायसिस पॅराडॉक्सस. युरोपात तो ओकच्या सालीवर सापडतो. माणसानं त्याला फारसं पाळलेलं नाही, म्हणून यीस्टची मूळ रीत बघायची तर याच्याकडेच बघावं.

साखर मिळते तोवर पेशीला कळी फुटते आणि त्या कळीची नवी पेशी होते. जोडीदार लागतच नाही. उपासमार झाली की मात्र पेशीच्या आत चार बीजाणू तयार होतात, दोन ‘ए’ प्रकारचे आणि दोन ‘अल्फा’ प्रकारचे. मीलन होतं ते ए आणि अल्फामध्येच, आणि इथं जोडीदार एकाच पिशवीत, म्हणजे मूळ पेशीच्याच आवरणात, शेजारी बसलेला असतो.

मग परक्याशी जोडी जमते तरी कधी? रानात पाळत ठेवून हे कळणार नाही. 2008 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी उत्तर डीएनएतून काढलं, आणि त्यांची युक्ती फार सुंदर आहे. उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएत आपोआप होणारे बारीक बदल, पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात, मीलन होवो वा न होवो. जनुकांची सरमिसळ मात्र मीलन झालं तरच होते. तिसऱ्या गुणसूत्रात या दोन्हींच्या खुणा मोजून त्यांनी हिशेब मांडला: साधारण हजार पिढ्यांत एकदा मीलन. त्यातलं सुमारे 94 टक्के एकाच पिशवीतल्या भावंडांत, 5 टक्के स्वतःच्याच वंशात, परक्याशी जेमतेम 1 टक्का. म्हणजे लाखभर पिढ्यांत एकदा!

ते 5 टक्के तर अजबच. एकट्या पडलेल्या बीजाणूपासून वाढलेली पेशी आपला प्रकार बदलते, ए ची अल्फा होते आणि आपल्याच लेकीशी जुळते. अशा संततीत प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असतात. त्यामुळे झाकलेला दोष लगेच उघडा पडतो आणि नैसर्गिक निवडीच्या चाळणीत गळून जातो.

तरीही वैविध्य टिकतं, कारण पेशींची संख्या अफाट आहे. इतक्या विरळ भेटीही पुरतात. शिवाय कीटक मदतीला येतात. फळमाशीच्या आतड्यात पिशवीचं आवरण पचतं, बीजाणू मात्र जिवंत सुटतात आणि परक्यांत मिसळतात. गांधीलमाशीच्या पोटात तर संशोधकांना याहून नवल दिसलं. पॅराडॉक्सस तिथं एकटा तगत नाही, पण पावाच्या यीस्टशी संकर झाला तर ती संकरित पेशी तगते.