फुगलेलं फुप्फुस आणि साठ वर्षांची खटपट

थंडी पडली की मेडिकलच्या ओपीडीबाहेर एक ठरावीक बैठक दिसते. हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर चढलेले, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं चाललेलं. "काकाजी, बिडी?" "सोडली नं आता!" नागपुरात या सगळ्याला सरसकट दमाच म्हणतात. त्यातल्या काहींचा आजार मात्र एम्फिसेमा असतो.

यात खरी अडचण श्वास सोडताना येते. वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती झडतात, फुप्फुसाचं इलॅस्टिक ढिलं पडतं आणि आत गेलेली हवा बाहेर निघत नाही. छाती पिंपासारखी फुगते, श्वासपटल सपाट होतं. एसटीतून कुणी उतरतच नसेल, तर नवा माणूस चढणार कसा?

मग निकामी भाग कापून टाकला तर? १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन ऑटो ब्रँटिगन यांनी हा विचार मांडला आणि करूनही दाखवला. पण सहात एक रुग्ण दगावला, सुधारणेची मोजमापं हाती नव्हती, आणि शस्त्रक्रिया मागे पडली. तर्क मात्र बरोबर होता. सेंट लुईसचे सर्जन जोएल कूपर यांनी तो पुन्हा उचलला. १९९५ मध्ये त्यांनी २० रुग्णांचे निकाल दिले. एका सेकंदात फुंकून काढता येणारी हवा सरासरी ८२ टक्क्यांनी वाढली होती, सुरुवातीचा मृत्यू एकही नव्हता. मग सगळीकडे धडाक्यात शस्त्रक्रिया सुरू झाल्या, आणि इतरांचे आकडे इतके चांगले येईनात. शेवटी मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याने, पैसे देणं थांबवून आधी चाचणी करा म्हटलं. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

१,२१८ रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल २००३ मध्ये आला. वरच्या भागात जास्त बिघाड आणि चालण्याची ताकद कमी, अशांना फायदा झाला. त्याआधी २००१ मध्येच दिसलं होतं की अतिगंभीर गटात शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत १६ टक्के दगावतात.

छाती न उघडता हेच साधायचं म्हणून वाफ, तारेची वेटोळी असं बरंच करून पाहिलं गेलं. टिकला तो व्हॉल्व्ह. विहिरीच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो, तसाच हा एकेरी. दुर्बिणीतून श्वासनळीच्या फाट्यांत तीन-चार बसवले की हवा आणि कफ बाहेर येतात, पण नवी हवा आत जात नाही. फुप्फुसाचा तो खंड, म्हणजे तेवढा भाग, आक्रसतो, शेजारच्या बऱ्या भागाला जागा मिळते. तरी २०१० च्या मोठ्या चाचणीत फायदा जेमतेमच निघाला. पुढे कारण नीट उमगलं. दोन खंडांमधली भिंत अपुरी असेल तर शेजारून हवा झिरपते. तीन नळ बंद केले तरी चौथा वाहतोच. मग बसवण्याआधीच फुग्याची नळी घालून ही गळती मोजायला लागले. गळती नसलेल्याच १९० जणांवरची चाचणी यशस्वी झाली आणि जून २०१८ मध्ये अमेरिकेत झेफिर व्हॉल्व्हला मंजुरी मिळाली. बिनधोक तेही नाही: त्या चाचणीत दर चौघांत एकाचं फुप्फुस फुटून छातीत हवा भरली, बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच. म्हणून नंतर निदान तीन रात्री दवाखान्यात ठेवतात.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायांनाही असाच दम लागतो, पण धुराने होणाऱ्या आजारात सहसा श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात, वायुकोश झडणं त्यामानाने कमी. सीटी स्कॅनवर आक्रसवण्याजोगा फुगलेला खंडच दिसला नाही, तर व्हॉल्व्ह बसवायचा कुठे?