व्हर्च्युअल मशीनचे प्रत्यक्ष हार्ड डिस्कवर स्थानांतर

व्हर्च्युअल मशीनचे प्रत्यक्ष हार्ड डिस्कवर स्थानांतर : व्हर्च्युअल मशीनमधील (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकातील) ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यावर बसवलेली सॉफ्टवेअरे आणि साठवलेली माहिती यांसह तिची आभासी डिस्क प्रत्यक्ष हार्ड डिस्कवर अथवा एसएसडीवर उतरवून, मध्यस्थ सॉफ्टवेअरविना संगणक त्या डिस्कवरून थेट सुरू होईल अशी व्यवस्था करण्याची प्रक्रिया. व्यवसायात ती ‘व्ही-टू-पी’ (व्हर्च्युअल-टू-फिजिकल) या संक्षेपाने ओळखली जाते. याच्या उलट दिशेची प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्ष संगणकाचे व्हर्च्युअल मशीनमध्ये रूपांतर, अधिक प्रचलित असून बहुतेक तयार साधने तिच्यासाठीच लिहिली गेली आहेत. प्रस्तुत प्रक्रियेचे दोन भाग पडतात. पहिला भाग माहितीच्या नकलेचा असून तो बराचसा यांत्रिक आहे. दुसरा भाग नव्या हार्डवेअरवर प्रणाली सुरू करण्याचा असून बहुतेक अपयशे तिथेच येतात. या नोंदीचा भर त्यामुळे दुसऱ्या भागावर आहे.

उगम : या प्रक्रियेच्या आरंभाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ती व्यक्तिगत संगणकांवरील आभासीकरणाबरोबर, म्हणजे १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीचे व्हर्च्युअल मशीन चालवणारे ‘वर्कस्टेशन’ हे सॉफ्टवेअर बाजारात आल्यानंतरच्या दशकात आकाराला आली. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवण्याची साधने त्याच काळात तयार झाली आणि क्वचित परतीची वाटही लागते, हे लक्षात आल्यावर व्हीएमवेअरने सिसप्रेप (विंडोजला विशिष्ट यंत्रापासून मोकळे करणारे साधन) व घोस्ट (डिस्कची नक्कल करणारे साधन) यांच्या साहाय्याने परतीचे स्थानांतर कसे करावे याची मार्गदर्शिका काढली. २००८ मध्ये नॉव्हेलने विकत घेतलेल्या प्लेटस्पिन या कंपनीच्या साधनांतही दोन्ही दिशांची सोय होती. संक्षिप्त नाव याच काळात रुळले असावे, एवढे या मताच्या बाजूने म्हणता येते.

दुसरे मत हा आरंभ आयबीएमच्या मोठ्या संगणकांपर्यंत मागे नेते. आयबीएमच्या केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात १९६७ च्या सुमारास सीपी-४० ही प्रणाली वापरात आली. तिच्यातून सीपी-६७ आणि ऑगस्ट १९७२ मध्ये घोषित झालेली व्हीएम/३७० या प्रणाली निघाल्या. व्हीएम/३७० मध्ये प्रत्येक आभासी यंत्राला ‘मिनिडिस्क’, म्हणजे प्रत्यक्ष डिस्कवरील काही सिलिंडरांचा (डिस्कच्या वर्तुळाकार विभागांचा) पट्टा, दिला जाई. हा पट्टा शून्य क्रमांकाच्या सिलिंडरपासून संपूर्ण डिस्कभर असेल, तर त्यावरील प्रणाली आभासी यंत्रातही चाले आणि मोकळ्या यंत्रावर थेटही सुरू करता येई. तेथे नक्कल करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आभासी आणि प्रत्यक्ष डिस्कची मांडणी एकच होती. शिवाय सिस्टिम/३७० ची आभासी स्मृती असलेली यंत्रे हाती येण्यापूर्वी त्यांच्या सूचनासंचाचे अनुकरण करणारी सीपी-६७ ची सुधारित आवृत्ती तयार करून तिच्यावर नव्या प्रणालींचे काम चालवले गेले. आभासी यंत्रात घडवायचे आणि प्रत्यक्ष यंत्रावर उतरवायचे, ही कल्पना येथे पुरती दिसते. नाव नंतरचे असले तरी व्यवहार आधीचा आहे, आणि उगम ठरवताना व्यवहाराला अधिक वजन देणे योग्य वाटते.

सैद्धांतिक आधार : जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ च्या निबंधात आभासी यंत्राच्या नियंत्रक प्रणालीकडून तीन गुणांची अपेक्षा केली : समतुल्यता, कार्यक्षमता आणि साधनसामग्रीवरील पूर्ण नियंत्रण. आभासी यंत्रातील प्रोग्रॅमचे वर्तन, वेळेचा आणि उपलब्ध साधनांचा फरक वगळता, प्रत्यक्ष यंत्रावरील वर्तनासारखेच असले पाहिजे, हा समतुल्यतेचा अर्थ. प्रस्तुत स्थानांतर शक्य होते ते याच गुणामुळे. मात्र हे समतुल्यत्व मुख्यतः प्रोसेसरच्या सूचनांपुरते असते. डिस्कचा कंट्रोलर (तिच्याशी देवाणघेवाण करणारा भाग), नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स आणि फर्मवेअर (संगणक चालू होताच प्रथम चालणारे मदरबोर्डवरील सॉफ्टवेअर) ही उपकरणे व्हर्च्युअल मशीन आपल्या सोयीने निवडते आणि समोरच्या प्रत्यक्ष संगणकात ती वेगळीच असतात. अडचणींचे मूळ या भेदात आहे. २००३ मध्ये आलेल्या झेन या आभासीकरण प्रणालीच्या आरंभीच्या पॅरा-आभासी पद्धतीत तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच (कर्नल) त्या वातावरणासाठी बदललेला असे. अशी प्रणाली हलवताना गाभाही बदलावा लागतो.

आभासी डिस्कचे स्वरूप : आभासी डिस्क ही यजमान, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या, संगणकावरील फाइल असते. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे व्हीडीआय, व्हीएमवेअरचे व्हीएमडीके, कनेक्टिक्स कंपनीकडून मायक्रोसॉफ्टकडे आलेले व्हीएचडी, त्याचे उत्तराधिकारी व्हीएचडीएक्स आणि क्यूईएमयू या तशाच सॉफ्टवेअरचे क्यूकाऊ२ हे प्रमुख प्रकार होत. ठराविक आकाराची व्हीएचडी ही डिस्कची हुबेहूब प्रत आणि शेवटी ५१२ बाइटांचा तळटीप-खंड एवढीच असते. वाढत्या आकाराच्या फाइलमध्ये मात्र डिस्कचे खंड पाडून फक्त लिहिलेले खंड साठवतात व कोणता खंड कुठे आहे याची सारणी ठेवतात. व्हीएचडीत हा खंड सामान्यतः २ मेगाबाइटांचा, व्हीडीआयमध्ये १ मेगाबाइटाचा, तर क्यूकाऊ२ मध्ये ६४ किलोबाइटांचा असतो. सातबाऱ्यावर नोंदलेले क्षेत्र आणि त्या हंगामात प्रत्यक्ष पेरलेले क्षेत्र यांत जसा फरक असतो, तसा येथे घोषित आकार आणि व्यापलेला आकार यांत असतो, आणि स्थानांतराला घोषित आकार लागतो.

येथे नेहमी नजरेतून सुटणारी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ‘५०० जीबी’ असा शिक्का असलेल्या हार्ड डिस्कवर साधारणपणे ५००,१०७,८६२,०१६ बाइट मावतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ५०० जीबीची म्हणून तयार केलेली आभासी डिस्क मात्र द्विमान पद्धतीने (१००० ऐवजी १०२४ च्या पटीत) मोजली जात असल्यामुळे ५३६,८७०,९१२,००० बाइटांची असते. ती त्या हार्ड डिस्कवर मावत नाही. अशा वेळी व्हर्च्युअल मशीनमध्येच शेवटचे पार्टिशन (डिस्कचा विभाग) आकुंचित करून घ्यावे लागते.

स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या क्षणाच्या अवस्थेच्या नोंदी) घेतलेले असतील तर डिस्क एका फाइलमध्ये नसून साखळीत विखुरलेली असते. फक्त मूळ फाइल उचलल्यास पहिल्या स्नॅपशॉटपूर्वीची अवस्था हाती येते. पतसंस्थेच्या खतावणीसारख्या कामात ही चूक महिनोन्‌महिने लक्षात न येण्याची शक्यता असल्याने ती विशेष धोक्याची आहे. साखळी आधी एकत्र करावी, किंवा शेवटच्या अवस्थेची संपूर्ण प्रत काढावी. मशीन ‘सेव्ह’ केलेल्या स्थितीत नसावी. विंडोज ८ पासूनच्या आवृत्त्यांत ‘फास्ट स्टार्टअप’ (अर्धवट बंद करून लवकर सुरू होण्याची सोय) बंद करून ती पूर्ण शटडाउन केलेली असावी.

नक्कल : सर्वांत सरळ पद्धतीत क्यूईएमयूच्या रूपांतर साधनाने अथवा व्हर्च्युअलबॉक्सच्या आज्ञेने फाइलचे कच्च्या (डिस्कच्या हुबेहूब) प्रतीत रूपांतर करतात आणि ती प्रत पेनड्राइव्हवरून चालवलेल्या लिनक्समधून ‘डीडी’ या नकलेच्या आज्ञेने हार्ड डिस्कवर लिहितात. हार्ड डिस्क यूएसबीने व्हर्च्युअल मशीनला जोडून आतून क्लोनझिला या साधनाने नक्कल करणे ही दुसरी पद्धत. तिसऱ्या पद्धतीत विंडोज सिसप्रेपने ‘सामान्य’ (यंत्रनिरपेक्ष) करून तिची विम प्रतिमा (विंडोजची फाइलरूप प्रत) काढतात व नव्या पार्टिशनवर उतरवतात. एकाच संचावरून शाळेच्या संगणक कक्षातील अनेक संगणक भरायचे असतील तेव्हा हीच पद्धत योग्य. ‘डीडी’ चुकीच्या डिस्कवर चालवल्यास तेथील माहिती परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. डिस्कचा आकार व मॉडेल क्रमांक वाचून खात्री केल्याविना आज्ञा देऊ नये.

सुरुवातीची साखळी : नक्कल पूर्ण झालेली डिस्क सुरू न होण्याची कारणे फर्मवेअरपासून ड्रायव्हरपर्यंतच्या साखळीत क्रमाने शोधावी लागतात.

पहिला दुवा फर्मवेअर. अनेक जुनी व्हर्च्युअल मशीन बायोस (जुने फर्मवेअर) पद्धतीने आणि एमबीआर (पार्टिशनांची जुनी सारणी) मांडणीवर बसवलेली असतात; नव्या संगणकांत फक्त यूईएफआय (नवे फर्मवेअर) असते व अशी डिस्क त्यांना सुरू करता येत नाही. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून (२०१७) मिळणाऱ्या एमबीआर-टू-जीपीटी साधनाने मांडणी जीपीटी या नव्या प्रकारात बदलता येते. यूईएफआयच्या बूट-नोंदी डिस्कवर नसून मदरबोर्डच्या स्मृतीत असतात, त्यामुळे त्या नकलेबरोबर येत नाहीत. ईएफआय पार्टिशनमधील ठरलेल्या पर्यायी जागी बूट फाइल असेल तर संगणक ती शोधून घेतो, अन्यथा नोंद हाताने करावी लागते.

दुसरा दुवा पार्टिशनची सारणी. जीपीटीची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. लहान आभासी डिस्क मोठ्या हार्ड डिस्कवर लिहिली की ही प्रत मध्येच अडकते. ती शेवटी हलवून मगच पार्टिशन वाढवावे. ४०९६ बाइटांचे सेक्टर (वाचन-लेखनाचे सर्वांत लहान एकक) थेट दाखवणाऱ्या डिस्कवर ५१२ बाइटांच्या हिशेबाने लिहिलेली सारणी वाचलीच जात नाही, कारण जीपीटीचा आरंभ शून्यापासून मोजलेल्या ‘पहिल्या सेक्टरवर’ असतो आणि तो सेक्टर आता ५१२ ऐवजी ४०९६ व्या बाइटावर येतो. ५१२ चे अनुकरण करणाऱ्या, अधिक प्रचलित डिस्कांत ही अडचण नाही. तेथे विंडोज एक्सपीच्या पद्धतीने ६३ व्या सेक्टरपासून सुरू झालेले पार्टिशन चालते, पण संथ होते.

तिसरा दुवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर), आणि विंडोजच्या बाबतीत हाच निर्णायक. डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चढवण्याच्या यादीत नसेल, तर विंडोज स्वतःचीच डिस्क वाचू शकत नाही आणि ‘बूट उपकरण उपलब्ध नाही’ या अर्थाचा ७बी क्रमांकाचा निळा पडदा येतो. आयडीई (जुन्या प्रकारच्या) कंट्रोलरवर बसवलेली विंडोज ७ एएचसीआय (साटा डिस्कांच्या नव्या पद्धतीच्या) संगणकावर नेल्यास हे नेमके घडते. उपाय सोपा असूनही तो नक्कल करण्यापूर्वी करायचा असतो : व्हर्च्युअल मशीनला दुसरी लहान डिस्क साटा कंट्रोलरवर जोडून एकदा सुरू करावी, ड्रायव्हर बसू द्यावा, मग मूळ डिस्क साटावर हलवून पुन्हा सुरू करून पाहावी. ज्या यंत्रावर जायचे आहे त्याचे रूप आधी व्हर्च्युअल मशीनला द्यावे, हे या सर्व प्रक्रियेचे खरे सूत्र मानावे लागते. हस्तपुस्तिकांत नकलेच्या आज्ञांना मिळणारी जागा या तयारीला मिळायला हवी. एनव्हीएमई (नव्या वेगवान एसएसडी) डिस्कसाठी विंडोज ७ मध्ये अंगभूत ड्रायव्हर नाही. एक्सपीत हार्डवेअरच्या अमूर्त स्तराचा (हार्डवेअर व गाभा यांमधील थराचा) प्रकार बसवतानाच ठरत असल्याने आणखी एक अडथळा असे. व्हिस्टानंतर तो बराच कमी झाला.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर गाभ्याबरोबरच असतात. डेबियन व उबंटूची आरंभिक स्मृति-प्रतिमा (सुरू होताना प्रथम चढणारा ड्रायव्हर आदींचा संच) सर्वसमावेशक असते, फेडोराची मात्र चालू यंत्रापुरती असल्याने निघण्यापूर्वी व्यापक प्रतिमा तयार करावी. डिस्कचा उल्लेख उपकरणाच्या नावाने न करता यूयूआयडीने (कायम ओळख-क्रमांकाने) केलेला असावा, आणि नेटवर्क कार्डाचे नाव बदलणार हे गृहीत धरावे.

विदर्भाच्या ग्रामीण भागातील उपयोग : येथे या प्रक्रियेचे प्रयोजन शहरी माहिती केंद्रांहून वेगळे असते. सेवा केंद्रे, कृषी सेवा केंद्रे, पतसंस्था आणि जिनिंग-प्रेसिंगची कार्यालये यांत ४ जीबी स्मृतीचे जुने संगणक अजून कामात असतात. त्यांवर एका प्रणालीच्या पोटात दुसरी चालवणे परवडत नाही. त्यामुळे नागपूर किंवा अमरावतीत व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवून, तपासून घेतलेली व्यवस्था तालुक्याच्या गावी प्रत्यक्ष डिस्कवर उतरवणे सोयीचे ठरते. धारणी किंवा एटापल्लीसारख्या ठिकाणी इंटरनेटवरून सर्व काही नव्याने उतरवून घेण्यापेक्षा तयार डिस्क नेणे अधिक भरवशाचे. जुन्या मराठी टंकलेखन वा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे पॅरलल पोर्टवरील डोंगल (परवान्याची किल्ली असलेले जोडउपकरण) व्हर्च्युअल मशीनमध्ये अनेकदा ओळखले जात नाही, हेही परतीचे एक कारण असते.

वेळेची निवड महत्त्वाची आहे. यूएसबी २ वरून सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट या गतीने १०० जीबी लिहायला तासाभराच्या आसपास लागतो, आणि मध्येच वीज गेली तर नक्कल पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून, यूपीएसवर आणि उन्हाळ्यात पहाटे हे काम करणे इष्ट; पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या दुपारी सलग लेखनाने बाह्य डिस्क फार तापते. सेवा केंद्राने खरीप पीक विम्याच्या मुदतीचे दिवस, पतसंस्थेने मार्चअखेर आणि जिनिंगने कापसाच्या आवकेचा हंगाम टाळावा.

परवाने व कूटबद्धता : संगणकाबरोबर आलेला विंडोजचा ओईएम परवाना त्याच मदरबोर्डपुरता असतो. व्हर्च्युअल मशीनमधील सक्रियता नव्या हार्डवेअरवर टिकेल असे धरू नये. हिशेबाच्या काही सॉफ्टवेअरांचा परवानाही यंत्राशी बांधलेला असल्याने तो आधी परत करून नंतर पुन्हा घ्यावा लागतो. बिटलॉकर (विंडोजची डिस्क-कूटबद्धता) आभासी टीपीएमशी (किल्ल्या जपणाऱ्या चिपशी) जोडलेले असेल तर निघण्यापूर्वी ते थांबवावे आणि पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.

पर्याय : विंडोज ७ च्या वरच्या आवृत्त्यांपासून (२००९) प्रत्यक्ष संगणक व्हीएचडी फाइलवरूनच सुरू करता येतो. त्यात डिस्क आभासी राहते, बाकीचे हार्डवेअर प्रत्यक्ष असते. त्यामुळे पार्टिशनची उलथापालथ टळते, पण ड्रायव्हरचा प्रश्न तसाच राहतो. माहिती थोडी आणि सॉफ्टवेअर मोजकेच असेल, तर नवी प्रणाली बसवून फक्त माहिती हलवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.