खलनायकाला वेळ मिळाला, त्याची गोष्ट

गुन्ह्यावरच्या मालिकेचा विषय निघाला की लोक तपास करणाऱ्यापेक्षा गुन्हेगाराबद्दलच भरभरून बोलतात. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात असं होऊ नये अशीच तजवीज होती. अमेरिकेत १९५२ साली प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता लागू झाली. गुन्हेगारी नकोशीच वाटली पाहिजे आणि तिच्याबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, असं त्या संहितेत म्हटलं होतं. १९८३ पर्यंत ती टिकली. शिवाय धंद्याचं गणितही होतं. जुने भाग पुढेमागे कुठल्याही क्रमाने दाखवता यावेत म्हणून प्रत्येक गोष्ट त्याच भागात मिटायची. पोलीस दर आठवड्याला तेच आणि खुनी मात्र पाहुणा कलाकार. तासाभरात तो यायचा, सापडायचा आणि विस्मरणात जायचा.

ही चौकट न मोडता तिच्यातून वाट काढली ती 'कोलंबो'ने. १९७१ पासून एनबीसीवर नियमित सुरू झालेल्या या मालिकेत खून कोणी केला हे आधीच दाखवून टाकतात. युक्ती नवी नव्हती, इंग्लंडच्या रहस्यकथेत ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच येऊन गेली होती. पण टीव्हीवर तिचा परिणाम वेगळा झाला. चुरगळलेला रेनकोट घालून पोलीस अधिकारी कोलंबो अवतरेपर्यंत बराच वेळ पडदा खुन्याच्याच ताब्यात असतो. त्याचं घर, त्याची ऐट, त्याची आवड आपल्याला कळलेली असते. आणि त्याचं गुपित फक्त आपल्याला माहीत असतं, त्यामुळे नको म्हटलं तरी आपण थोडे त्याच्या बाजूचे होतो.

१९७३ चा एक भाग या बाबतीत अजून कोणी मागे टाकलेला नाही, असं मला वाटतं. डोनाल्ड प्लेझन्सने त्यात एड्रियन कार्सिनी हा वाइनवेडा माणूस उभा केला आहे. सावत्र भाऊ वाइनरी विकायला निघतो म्हणून कार्सिनी रागाच्या भरात त्याला फटका मारून बेशुद्ध पाडतो, तळघरात बांधून ठेवतो, तिथली वातानुकूलन यंत्रणा बंद करतो आणि न्यूयॉर्कला निघून जातो. भाऊ गुदमरून मरतो. नेमका त्याच दिवसांत कडक उन्हाळा पडलेला असतो. पुढे कोलंबो त्याला हॉटेलात जेवायला बोलावतो आणि त्याच्याच तळघरातून गुपचूप उचललेली बाटली त्याच्यासमोर येईल अशी व्यवस्था करतो. एक घोट घेताच कार्सिनी भडकतो. वाइन उष्णतेने बिघडली आहे, हे त्याच्याइतकं अचूक कोण ओळखणार? तळघर तापलं होतं याची साक्ष त्याचीच जीभ देते. माणसातली सगळ्यात उमदी गोष्टच त्याला गोत्यात आणते. शेवटी दोघे गाडीत बसून वाइन पितात, आणि खुनी पकडला गेल्याचा आनंद होण्याऐवजी आपल्याला चुटपुट लागते.

तरी हा सगळा दीड-दोन तासांचा खेळ होता. १९८७ मध्ये सीबीएसवर 'वाइजगाय' आली आणि एकच खलनायक सलग अनेक भाग पुरवायची पद्धत रुळू लागली. टोळीत वेश पालटून शिरलेल्या अधिकाऱ्याचा त्या टोळीच्या म्होरक्यावर जीव जडतो, हे दाखवायला तेवढी सवड लागतेच.

मग केबल आलं. वर्गणीवर चालणाऱ्या एचबीओ वाहिनीला ना जाहिरातदारांची मर्जी सांभाळायची होती, ना जुन्या संहितेचं ओझं होतं. 'द सोप्रानोज' १९९९ च्या जानेवारीत सुरू झाली आणि पाचव्याच भागात माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो मुलीला कॉलेजं दाखवायला मेन राज्यात नेतो. वाटेत त्याला एक जुना फितूर दिसतो. मुलीची मुलाखत चालू असताना टोनी त्याचा तारेने गळा आवळतो, अगदी स्वतःच्या हाताने. प्रेक्षक तुटतील म्हणून वाहिनीचे वरिष्ठ धास्तावले होते. निर्माते डेव्हिड चेस यांचं म्हणणं उलट होतं: टोळीचा म्होरक्या फितुराला सोडून देतो असं दाखवलं तर प्रेक्षक त्याला मानणारच नाहीत. चेस बरोबर ठरले. प्रेक्षकांनी टोनीला माफ केलं नव्हतं, पण तो बाप म्हणूनही खरा होता आणि खुनी म्हणूनही.

'ब्रेकिंग बॅड' मालिकेतला अमली पदार्थांचा व्यापारी गस फ्रिंग हा याच घराण्यातला. मुळात छोटी म्हणून लिहिलेली ही भूमिका जियानकार्लो एस्पोझितोने वाढवत नेली. चिकनच्या हॉटेलात गिऱ्हाइकांची अदबीने विचारपूस करणारा हा माणूस आवाज क्वचितच चढवतो. आपल्याकडे निळू फुल्यांनी हळू, दबक्या बोलण्याची जरब कितीतरी आधी दाखवून दिली होती, हे जाता जाता.

भारतीय टीव्हीवर मात्र पाहुणा खुनीच बराच काळ टिकला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सीआयडी'त दया दरवाजा तोडतो हे सगळ्यांना आठवतं, पण दरवाज्यामागे कोण होतं हे कोणी सांगू शकेल का?

मराठीत फासा पलटला तो २०२० च्या ऑगस्टमध्ये, झी मराठीवर 'देवमाणूस' आली तेव्हा. किरण गायकवाडचा डॉक्टर अजितकुमार देव गावात देवासारखा मानला जातो. त्याची खरी करणी गावाला ठाऊक नाही, आपल्याला आहे. म्हणजे कोलंबोचीच युक्ती, पण दैनंदिन मालिकेच्या मापाने. आठवडे उलटतात, डॉक्टर कुणाला सुई टोचतो, कुणाची विचारपूस करतो, आणि त्या प्रत्येक साध्या प्रसंगात आपला जीव टांगणीला. सरू आजीच्या म्हणींनी हसवलं नसतं तर हे रोज पाहवलंही नसतं. पुढच्या पर्वांत तोच गडी पुन्हा पुन्हा उभा राहू लागला तशी भीती पातळ झाली. टीआरपीला खलनायकाचा शेवट परवडत नाही, पण गोष्टीला तो लागतोच.

या मालिकेच्या मुळाशी सातारा जिल्ह्यातल्या वाईजवळच्या धोमचं प्रकरण होतं. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसावर सहा खुनांचा आरोप ठेवण्यात आला. पहिला खून २००३ मधला असल्याचं पोलिसांचं म्हणणं आहे, अटक झाली ती २०१६ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत तिथल्या लोकांपुढे, प्रेक्षकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेलं ते गुपित कोणी उघड केलं नव्हतं.