ब्रेक कॅलिपरचे ग्रीस आणि रबराचे रसायन

मोटारसायकलीच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घर्षणाचे पॅड दाबणारा भाग, साफ करून पुन्हा जोडताना तो ज्यांवर सरकतो त्या पिनांना ग्रीस लावावे लागते, आणि हाताशी असलेला डबा बहुधा चाकाच्या बेअरिंगसाठी आणलेल्या लिथियम ग्रीसचा असतो. धातूवर धातू घासतो तिथे हे ग्रीस उत्तम काम करते. कॅलिपरमध्ये मात्र धातूला रबर लागून असते, आणि ग्रीसची निवड त्या रबराकडे पाहून करावी लागते.

पिस्टनभोवतीच्या खोबणीत चौकोनी छेदाचे एक रबरी सील बसवलेले असते. ब्रेक ऑइल गळू न देणे हे त्याचे एक काम; दुसरे तितकेच महत्त्वाचे असूनही सहसा लक्षात घेतले जात नाही. लिव्हर दाबल्यावर पिस्टन पुढे सरकतो, तेव्हा सील त्याला धरून राहते आणि किंचित वाकते. दाब सुटला की ते मूळ आकारात परतते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाइतके मागे ओढते. एवढ्याशा हालचालीने पॅड डिस्कपासून मोकळा होतो, कारण पिस्टन मागे घेणारी वेगळी स्प्रिंग तिथे नसते. सील फुगले किंवा त्याचा लवचिकपणा गेला, तर ब्रेक धरून राहतो, डिस्क तापते आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, परंतु हवेतील आर्द्रता शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते; आणि ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर हँडलला टेकला तरी गाडी थांबत नाही.

ही सीले बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइले ग्लायकॉल ईथरवर आधारलेली, म्हणजे ध्रुवीय रेणूंची (ज्यांच्या एका बाजूला किंचित धन आणि दुसरीला किंचित ऋण प्रभार असतो अशा) असतात. ईपीडीएमच्या रेणूंच्या लांब साखळ्या अध्रुवीय असल्यामुळे ऑइल त्यांच्यात फारसे शिरत नाही. खनिज तेलाचे रेणू मात्र याच रबराच्या जातकुळीचे हायड्रोकार्बन असतात. ते साखळ्यांमध्ये सहज शिरतात आणि भिजत घातलेल्या हरभऱ्याप्रमाणे रबर फुगून मऊ पडते. लिथियम ग्रीसमधील साबण हा तेल धरून ठेवण्यापुरता असतो. बहुतांश भाग तेलाचाच, आणि नेहमीच्या ग्रीसमध्ये ते खनिज तेल असते. पेट्रोल किंवा रॉकेल यांनी सीले धुण्याची आपल्याकडची पद्धत याच कारणाने घातक आहे, आणि ती बंद व्हावी असे मला मनापासून वाटते.

सरकत्या पिना आणि त्यांचे रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारी आवरणे) यांसाठी सिलिकॉन ग्रीस योग्य ठरते. त्याचे तेल ईपीडीएमला फुगवत नाही, पाण्याने सहज धुऊन जात नाही आणि उष्णतेत पातळ होऊन वाहत नाही. दुसरा पर्याय लाल रबर ग्रीसचा असून ते चक्क एरंडेलापासून बनवतात. एरंडेलातील रिसिनोलेइक आम्लाच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी) असतो, त्यामुळे हे तेल इतर वनस्पती तेलांहून अधिक ध्रुवीय असते आणि रबराला इजा करत नाही. हायड्रॉलिक ब्रेकच्या सुरुवातीच्या काळात, सीले नैसर्गिक रबराची होती तेव्हा, एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रणच ब्रेकमध्ये भरत असत.

कॉपर ग्रीसची गोष्ट वेगळी आहे. तांब्याचे कण प्रखर उष्णतेतही टिकतात, म्हणून ते पॅडच्या पाठीवर पातळ लावण्याची प्रथा आहे. पण त्यातील तेल बहुधा खनिज असल्याने ते रबराजवळ नेऊ नये. शिवाय कोकणातल्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत तांबे आणि ॲल्युमिनियम यांचा संपर्क ॲल्युमिनियमच्या गंजण्याला हातभार लावतो.

पिस्टन आणि त्याचे आतले सील यांना जोडणीच्या वेळी त्याच प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल लावणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे, कारण तो भाग पुढे त्याच ऑइलमध्ये राहणार असतो. सिलिकॉन ग्रीस त्या ऑइलमध्ये विरघळत नाही. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला कोणतेही ग्रीस लागता कामा नये. पिनेवरही पातळ थर पुरतो: पिनेचे छिद्र एका टोकाला बंद असेल, तर जादा ग्रीस आणि त्यामागे कोंडलेली हवा पिनेला पूर्ण आत जाऊ देत नाहीत आणि कॅलिपर मोकळेपणाने सरकत नाही.